टॉलिव्हर जज्जाचा हार

सुलेखाला काम सांगावं आणि नंतर पस्तावावं, ही टेक्ससमधल्या शुगर लँडच्या मराठी मंडळाची जुनी खोड. २००६च्या गणपतीत ही पाळी अध्यक्ष श्रीराम काकांवर आली.

त्या वर्षी एका जुन्या गोऱ्या घराण्याने मंडळाला आपला हॉल वापरायला दिला. बदल्यात त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण काकांना राहवेना. घराण्याचे पणजोबा जज्ज टॉलिव्हर यांच्या तसबिरीला हार घालायचा, समई लावायची. आपली पद्धतच आहे! सुलेखा कोर्टाच्या दप्तरात जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची, म्हणून परिचय तिने करून द्यायचा.

घराण्याने दिलेल्या छापील माहितीत जज्ज देवमाणूस होता. तरुणपणी जॉर्जियातून टेक्ससला आला, वकील झाला, १८७४ साली न्यायाधीश. एकवीस वर्षं खुर्चीवर. मेला तेव्हा गावाने दुकानं बंद ठेवली. ‘कडक पण न्यायी.’

सुलेखाने जज्जाच्या कोर्टाचं रजिस्टर उघडलं. दोन कणसं चोरली, दोन वर्षं. बिनकामाचा रस्त्यावर फिरला, एक वर्ष. सगळे काळे, कालपरवा गुलामीतून सुटलेले. हे कैदी मग मळेवाल्यांना ऊस तोडायला दिले जात. उन्हाळ्यात महिन्याला चार शिक्षा, सप्टेंबर लागला की चाळीस! शंभर वर्षं कारकुनांनी ही पानं उलटली, कुणाला काही दिसलं नाही. सुलेखाचं बोट तिथेच थांबलं. नगरकडे आईच्या मागे फडात मोळ्या बांधून ती मोठी झाली होती. बारावीच्या पुढे शाळा नाही, पण तोडीचा हंगाम तिला कुणी शिकवायला नको.

“काका, तोडीआधी मुकादम टोळी भरतो ना, तसा हा हरामखोर कोर्टात बसून टोळी भरत होता!”

“अगं, मंगल प्रसंग आहे. कडक पण न्यायी, एवढंच बोल.”

“आमचा मुकादमसुद्धा बेड्या घालून नेत नव्हता.”

“सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाशी तुझं भांडण काय?”

“त्याच्याशी कुठे? तुमच्याशी आहे. हार तुम्ही घालताय.”

घरी नवरा रवींद्र म्हणाला, “यार सुलेखा, हॉल जाईल. दोनशे माणसं घेऊन गणपती कुठे बसवायचा?”

“आपल्या गॅरेजमध्ये.”

उद्घाटनाला जज्जाचा पणतू बायकोसह पहिल्या रांगेत बसला होता. सुलेखा इंग्रजीतच बोलली, त्यालाही कळावं म्हणून. आधी महिन्यांचे आकडे सांगितले. मग रजिस्टरला चिकटवलेली एका मळेवाल्याची चिठ्ठी वाचली: “आयझॅक मोझली उन्हाने मेला. जागेवर दुसरा पाठवावा.” खाली जज्जाच्या अक्षरात एकच शब्द होता. “पाठवला.”

“हेच जज्जसाहेबांचं कर्तृत्व. काका, आता घाला हार.”

काकांचे हात हवेतच राहिले. शेवटी त्यांनी हार ताटात ठेवला, सुलेखाकडे न बघता. पणतू आरतीआधीच उठून गेला, आणि त्याच आठवड्यात हॉलच्या किल्ल्या परत मागितल्या गेल्या.

पुढच्या वर्षी गणपती खरंच गॅरेजमध्ये बसला. सप्टेंबरचा दमट उकाडा, दोनच पंखे, आणि घामाने निथळणारी माणसं सुलेखाच्या नावाने बोटं मोडत उभी. काका तर एका पंख्यापुढून हलेनात.

“काय गं हा उकाडा! जीव जाईल एखाद्याचा.”

सुलेखाने त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

“इथेच ऊस होता, काका. याच उन्हात. खा गुपचूप.”