सोलापुरी चादरीचा पडदा

समोरच्या इमारतीतल्या आजी रोज खिडकीत मेणबत्ती लावून कॉफी पीत बसतात. त्यांच्या खिडकीला पडदा नाही. डेन्मार्कमधल्या आमच्या या गल्लीत कुणाच्याच खिडकीला नाही. कोण काय जेवतंय, कोण कुणावर रुसलंय, सगळं रस्त्यावरून दिसतं आणि मुद्दाम कुणी बघत नाही.

मी पडले नवी नवरी. आल्या आल्या आईने दिलेली सोलापुरी चादर खिडकीवर टांगली. मंदार, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "अगं, होता तेवढा उजेडही घालवलास!" पण मला लाज वाटत होती. आपला कोवळा संसार असा चव्हाट्यावर कसा मांडायचा?

आठवडाभराने त्या आजी सूपचं पातेलं घेऊन दारात उभ्या. "घरात कुणी आजारी आहे का? खिडकी सारखी बंद दिसते."

चादर त्याच संध्याकाळी पलंगावर गेली. आमच्या गावी सकाळी दारात रांगोळी दिसली नाही की शेजारीण हाक मारून चौकशी करते. इथल्या लांबलचक अंधारात उजळलेली खिडकी तेच काम करते. आम्ही आहोत, बरे आहोत, एवढंच ती सांगते.

काल व्हिडिओ कॉलवर आई ओरडलीच, "आधी पडदा ओढ गं! ती समोरची बाई बघतेय."

"बघू दे. सूप आणलं होतं ना, त्याच या आजी," असं म्हणून मी फोन खिडकीकडे वळवला. आजींनी हसून कप उंचावला.

आईने घाईघाईने पदर सारखा केला आणि मग हात हलवला.