एकोणीस कुडव

आंधळगावात धान मोजायचं म्हटलं की तुलाराम. वीस कुडवांची, म्हणजे वीस मापांची, खंडी भरेपर्यंत तो कुणाशी बोलायचा नाही, की कुणी बोललेलं खपवून घ्यायचा नाही. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही अशी खळ्यावरची रीत. ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. चाळीस वर्षं त्याचा शब्द गावाने मानला.

शहाऐंशी साली त्याचा मुलगा गोपीचंद मास्तर होता त्या शाळेत कॉम्प्युटर आला. मास्तरांना तो कुठे ठेवू नि कुठे नको झालं. त्यांनी धान मोजायचा प्रोग्राम लिहिला, पहिल्या मापाला पडद्यावर ‘लाभ’ उमटेल अशी हौसही केली, आणि वर्गात बापालाच माप घेऊन बोलावलं. तुलारामने माप ओतलं की मास्तरांनी बटण दाबायचं. खंडी भरली. पडद्यावर आले एकोणीस. पुन्हा मोजलं, पुन्हा एकोणीस.

“मशीन चुकत नाही, बाबा. वय झालं आता तुमचं,” मास्तर हसत म्हणाले. शिकल्यासवरल्या माणसाची जीभ ती!

त्या दिवसापासून तुलारामने मापाला हात लावला नाही. खळ्यावरून बोलावणं आलं तर “दुसरा पाहा” म्हणायचा. ताटातली भाकर तशीच राहायची. गोपीचंदने प्रोग्राम पुन्हा तपासायला काढला.

आठव्या दिवशी त्याने प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत ‘स्टॉप’ची ओळ घातली. तिथे मशीन थांबायचं, आतापर्यंतची मोजणी विचारता यायची. पहिल्या मापाचं बटण दाबून पहिल्याच थांब्यावर त्याने विचारलं. उत्तर आलं शून्य. ‘लाभ’ लिहून प्रोग्राम थेट पुढच्या फेरीला उडी मारत होता. एक मिळवायची ओळ मधेच सुटत होती. खळ्यावर वाढलेल्या पोराने लाभ मोजलाच नव्हता.

सायकल दामटत तो घरी आला. तुलाराम अंगणात दोरी वळत बसला होता.

“बाबा, चूक माही होती. तुमी बरोबर मोजत होते.”

म्हाताऱ्याचे हात थांबले.

“मंग खंडीमागं कोनाचा कुडव नाही गेला ना गा माह्या हातून? आठ दिस झाले, ज्याचं ज्याचं मोजलं त्या एकेकाचं नाव आठवून राहिलो. शकुनबाईचं त खायापुरतंच धान होतं, लेकरा.”

गोपीचंद त्याच्यापुढे खाली बसला. बाप आपल्यावर रुसला आहे, असंच तो इतके दिवस समजत होता.

“एक दानाबी नाही, बाबा,” तो म्हणाला.