खोकल्याची रिकाट

भाऊ उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, “थांबा जी. आता येते.”

लग्नाच्या मांडवातली बडबड थांबायची. वाढणारे हातात पळी धरून उभे राहायचे. बाजावरच्या गाण्याचं पहिलं कडवं संपायचं, टाळ क्षणभर गप्प व्हायचे, आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी खोकायचं. छोटासा, कोंडल्यासारखा खोकला. भाऊ बोट खाली घ्यायचे आणि सगळ्यांकडे अशा ऐटीत बघायचे, की तो खोकला जणू त्यांनीच घरी पिकवून आणलाय. मग दुसरं कडवं सुरू व्हायचं, पण भाऊंचं त्यातलं लक्ष उडालेलं असायचं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. एकाच गोष्टीत जीव अडकलेला, आणि ती गोष्ट नेमकी कोणती हे कुणाला न सांगणारा.

मी वर्ध्याकडचा. वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या अलीकडे एका गावात मास्तर म्हणून लागलो, तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. भाऊ बुरडकाम करायचे. सुपं, टोपल्या, भिंतीचे तट्टे. पन्नाशीचे असतील. घरात एकटेच. त्यांच्याजवळ चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, होता. जंगलातला एक ठेकेदार गाशा गुंडाळून जाताना त्यांच्या तट्ट्यांच्या बदल्यात तो पेटीबाजा देऊन गेला होता. बाजासोबत पाच-सहा तबकड्या होत्या. गावात त्यांना रिकाट म्हणत. पण खोकल्याची रिकाट ठेकेदाराची नव्हे, ती भाऊंची स्वतःची होती. आधी रिकाट होती, बाजा पुष्कळ वर्षांनी आला.

चावी ते मोजून द्यायचे. बारा फेरे. पाहुण्यांपैकी कुणी हौशीने तेरावा द्यायला गेला, की भाऊ त्याच्या मनगटालाच धरायचे.

दुसऱ्या रिकाटी ते कुणाच्याही हाती देत. एकदा एका नवरदेवाच्या मामाने त्यांतली एक पाटाखाली घालून फोडली, तर भाऊ म्हणाले, “जाऊ द्या, तशीही रडकीच होती.” पण खोकल्याची रिकाट ते दोन्ही तळव्यांत कडेने धरायचे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायचे आणि तांदळाच्या कोठीमागे उभी ठेवायचे. गावात कुणीही ती मागितली, की आधी विचारायचे, “मागच्या पंधरवड्यात लावली होती ना?” रिकाट झिजते, याची त्यांना भारी धास्ती होती. तशी दुसरी कुठे नव्हती. ती जितके दिवस टिकेल तितकी टिकवायची, एवढा एकच धंदा त्या माणसाने मनापासून केला. सुपं काय, कुणीही विणतं.

त्या धास्तीपायीच बांबूची पिन. बाजाला लोखंडी पिन लागते हे तुम्हाला ठाऊक आहे. भाऊ पिकल्या बांबूची काडी चुलीवरच्या धुरात महिनोन् महिने वाळवायचे आणि धारदार सुरीने तिरपी छाटून तिचं टोक काढायचे. एका वाजवणीला एक टोक. पुन्हा लावायची तर पुन्हा छाटायची. आवाज जरा खालच्या पट्टीत, घोंगडीतून आल्यासारखा यायचा. मी म्हटलं, “भाऊ, चांद्याला पिनांची डबी मिळते. मी आणतो की.”

“लोखंड रिकाट खाते, गुर्जी. बांबू नुसता चाटते.”

यावर मी हसलो होतो. पुढे एका जाणकाराने सांगितलं, की विलायतेतले शौकीन लोकही बांबूच्याच पिना वापरत. भाऊंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “तिकडं बी बुरड असतीन मंग.”

फॉरेस्टच्या बंगल्यावर नवे रेंजर आले आणि त्यांनी बॅटरीचा रेडिओ आणला. अख्खं गाव ऐकायला लोटलं. तार बांधायला दोन उंच बांबू भाऊंनीच दिले, म्हणून त्यांना पुढे बसवलं. एक गाणं झालं. भाऊंना आवडलं. ते रेंजरसाहेबांना म्हणाले, “सायेब, हेच अजून एकदा लावा.” साहेबांनी समजावलं, की यात तसं होत नाही, गेलं ते गेलं. भाऊंनी रेडिओच्या मागे वाकून पाहिलं, पुढून पाहिलं. “बाप्पा! म्हंजे हे आपल्याच मनानं बोलून राह्यलं? मानसानं म्हटलं का थांब, मघाचं पुन्हा म्हन, तं नाई म्हनत?” आणि उठून चक्क घरी गेले. पुन्हा काही ते रेडिओ ऐकायला आले नाहीत.

आता माझ्याबद्दल. मला लहानपणापासून दुसऱ्याच्या वस्तू सुधारायची खोड. शेजाऱ्याचं घड्याळ मागे पडलं, तर मला झोप लागत नसे. भाऊंचा तो खोकला मला खटकायचा. एवढं छान गाणं, आमच्याच भागातल्या दंडारीतल्या, म्हणजे गावच्या लोकनाट्यातल्या, गड्याने गायलेलं, आणि मधेच हा ठसका! दोष झाकता येत नाही म्हणून माणूस त्याचीच गंमत करून दाखवतो, असं मी धरून चाललो होतो. विचारायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे नकाशे आणायला मी नागपूरला निघालो. भाऊंना म्हटलं, “रिकाट द्या माझ्याजवळ. वरचा कागद दाखवून दुकानात अशीच दुसरी शोधतो. एक झिजली तर एक राहील.”

भाऊंनी कोठीमागून रिकाट काढून दोन्ही तळव्यांत धरली. मग म्हणाले, “भेटन का जी? अगदी अशीच?”

“अगदी अशीच.”

“आवाजासकट?”

“आवाजाशिवाय रिकाट असते का भाऊ!”

त्यांनी ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, दोन तट्ट्यांमध्ये बांधली आणि मूल गावाला जाणाऱ्या मोटारीपर्यंत स्वतः घेऊन आले. “परत आना,” एवढंच म्हणाले. मूलहून छोट्या रेल्वेने नागपूरपर्यंत मी ती मांडीवर ठेवली होती. खोटं नाही सांगत.

दुकानदाराने खूप शोधलं आणि तीच मिळाली. तेच गाणं, तोच गायक. त्याने लोखंडी पिन घालून वाजवून दाखवली. मी कान देऊन बसलो. पहिलं कडवं झालं, टाळ थांबले, आणि सरळ दुसरं कडवं सुरू झालं. खोकला नव्हता! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. कंपनीने चूक दुरुस्त केली होती. दुकानदार म्हणाला, जुनी देऊन टाका, आम्ही घेतो, जुन्याचा माल वितळवून पुन्हा कामाला येतो. त्या घासलेल्या, खोकणाऱ्या तबकडीचं भाऊ आता काय करणार, असा विचार करून मी ती दिली. लुगड्याचा तुकडा मात्र परत आणला.

गावी आलो आणि सरळ भाऊंच्या अंगणात गेलो. भाऊंनी ताजी पिन छाटली. बारा फेरे दिले. पहिलं कडवं संपत आलं तसं त्यांचं बोट वर गेलं.

गाणं पुढे निघून गेलं. बोट तसंच वर.

त्यांना वाटलं, आपलंच लक्ष चुकलं. पुन्हा पिन छाटली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा ते बाजाच्या पेटीवर पार कान टेकवून बसले होते. मग त्यांनी चकती हाताने थांबवली.

“जुनी कुठी हाय, गुर्जी?”

“ती दिली दुकानात. आता काय करायची? ही बघा ना किती स्वच्छ.”

“बरं,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

मला राग आला. एवढ्या लांबून वस्तू आणून द्यायची, आणि वर यांचं तोंड उतरलेलं बघायचं! दुसऱ्या दिवशी दुपारी तणतणतच गेलो. भाऊ पडवीत बांबू चिरत बसले होते. मी विचारलं, “काय भाऊ, आवडली नाही का रिकाट?”

त्यांनी वर न बघता सांगितलं. सांगताना सुरी चालूच होती.

“दंडारीत मी टाळ धरत होतो, गुर्जी. रिकाटवाल्या कंपनीनं आमाले नागपूरले बोलावलं. घरची म्हने, मी बी येतो, मले नागपूर पाहाचं हाय. आनली संगं. खोलीत चहूकडं गोधड्या टांगल्या होत्या. सायबानं सांगतलं, कोनी श्वास बी मोठ्यानं घ्याचा नाई. तिले कोपऱ्यात बसवलं. मी नवं धोतर नेसून, नवी टोपी घालून उभा. सायबानं माह्ये पाय धरून खडूच्या रेघेवर ठेवले, लेकराचे ठेवते तसे. तिनं ते पाह्यलं अन् तिले आलं हसू. पदर कोंबला तोंडात. तरी निंगालंच. खोकला नाई जी तो. हसनं होय ते तिचं.”

त्यांनी चिरलेली काडी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

“सायेब खवळला. पुन्हा गाऊन घेतलं. दोनदा झालं गानं. पन गावात रिकाट आली ते पह्यलीच आली. चुकीनं आली असन. दोन पावसाळ्यांनं घरची तापात गेली. फोटू नाई, काई नाई. तेवढंच होतं.”

“भाऊ, मला का नाही सांगितलंत? एका शब्दानं सांगायचं होतं!” मी जवळजवळ ओरडलोच.

“बायकोचं कोन सांगते जी, चार मानसांत? म्हनतीन, बाजा लावून बायकोचं हसू ऐकत बसते.”

त्याच आठवड्यात मी पुन्हा नागपूर गाठलं. दुकानदाराने मागच्या खोलीत नेलं. फुटक्या तबकड्यांची पोती होती. माझी कधीच गेली होती, तरी मी संध्याकाळपर्यंत ती पोती उपसत राहिलो. काळे तुकडे, दुसरं काही नाही. रिकाम्या हाताने परत आलो आणि भाऊंना सांगितलं. त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्या ऐकून घ्यायला तयार होऊन गेलो होतो. ते म्हणाले, “बसा. पानी घ्या.”

त्यानंतर बाजा लग्नात वाजायचा, पण भाऊ चावी देऊन बाजूला सरायचे. डबीतली लोखंडी पिन लावायला लागले. कुणी तेरावा फेरा दिला, तरी काही म्हणायचे नाहीत. लोकांना वाटलं, म्हातारा झाला आता. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि माझ्याही तोंडून ते गावात कधी निघालं नाही.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सामान बैलगाडीत चढलं होतं. भाऊ काखेत काहीतरी घेऊन आले. तीच नवी रिकाट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. लुगड्याचा तुकडा त्यांनी घरीच ठेवला असावा.

“हे तुमी ठेवा, गुर्जी.”

“अहो, तुमच्यासाठी आणलेली ना? तुमच्या दंडारीचं गाणं आहे. तुमचे टाळ आहेत त्यात.”

“हाव ना. गानं चांगलं हाय,” ते म्हणाले. “पन मले त्याच्यात काईच ऐकू येत नाई.”

मी ती घेतली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? गाडी नदीकडे उतरायला लागली तेव्हा मागे वळून पाहिलं. भाऊ केव्हाच पाठ फिरवून घराकडे चालू लागले होते, दोन्ही हात मोकळे.