डाव्या मनगटाजवळची नस

माझे धाकटे चुलते सैन्यातून निवृत्त झाल्यापासून मलकापूरजवळच्या गावी ऊस करतात. त्यांच्या किडन्या खराब होत गेल्या आणि डायलिसिसची वेळ जवळ आली, तेव्हा सांगलीतल्या डॉक्टरांनी डाव्या मनगटाजवळ शस्त्रक्रिया करून एक धमनी शेजारच्या नसेला जोडली. डायलिसिसच्या जाड सुयांना रुंद, भक्कम नस लागते. ती तयार झाली नाही, तर मानेत नळी बसवावी लागते आणि ती जागा भिजवून चालत नाही. काकांना उसाला पाणी पाजायला पाटात उतरायचं होतं. नळी त्यांना नको होती.

डॉक्टरांनी जे समजावलं ते असं. नसेत रक्ताचा दाब कमी, म्हणून तिची भिंत पातळ. धमनीची भिंत जाड आणि लवचीक. प्रत्येक ठोक्याला ती ताणली जाते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. धमनीचा दाब नसेत सोडला की नस आधी रुंदावते, मग हळूहळू तिची भिंत जाड होते. प्रत्येकाची होतेच असं नाही. रक्त नीट वाहत असेल तर नसेवर ठेवलेल्या हाताला सतत गुणगुण जाणवते.

व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला दिला होता.

"चेंडू दाबत बसाय मी काय बालवाडीत हाय व्हय?" काका म्हणाले. टाके निघाल्यावर त्यांनी म्हशीची धार काढायची परवानगी मागितली. म्हैस लाथ मारणारी नसेल तर चालेल, असं डॉक्टर म्हणाले.

"म्हस गरीब हाय," काकू म्हणाल्या. "लाथा झाडणारं माणूस ह्ये हाय."

रोज सकाळी चहाच्या आधी काकू नसेवर तळहात ठेवत. "मधमाशा बसल्यावानी वाजतंय," असं त्या मला फोनवर सांगत. काही आठवड्यांत नस कातडीखाली दोरखंडासारखी दिसू लागली.

ती वापरता येईल का, हे ठरवायच्या दिवशी त्यांना सांगलीला आणायला मी गाडी घेऊन गेलो. घरी बिनबाह्यांच्या बंडीवर असणारे काका त्या दिवशी खळ घातलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पेठ नाक्यावर चहाला थांबलो. काकूंनी सवयीने हात लावला आणि कप खाली ठेवला.

"आवं, गुणगुण न्हाई. नुसतं ठोकं पडत्यात."

"सकाळी हुती की."

"सकाळी हुती म्हंजे आता हाय व्हय?"

मी हात लावला. नस टणक लागत होती आणि आत धडधड होती. आम्ही लगेच निघालो. वाटेत काका म्हणाले, "बसवू दे नळी. मान तर मान." सांगली येईपर्यंत काकूंनी त्यांचं मनगट सोडलं नाही.

डॉक्टरांनी मनगटाकडे पाहिलं, मग दंडाकडे. काकांची बाही कोपराच्या वर पलटणीतल्या पद्धतीने दुमडलेली होती: सपाट, रुंद घडी, खाली घसरू नये इतकी घट्ट. खळीमुळे ती पट्ट्यासारखी कडक झाली होती.

"काका, ही घडी सोडा."

"साहेबांसमोर बाही लोंबकळत ठेवायची?"

"सोडा आधी."

घडीचा वळ दंडावर उमटला होता. वरची वाट आवळली गेली होती. रक्त पुढे जाईना, म्हणून नस फुगून ठोके देत होती. थोड्या वेळाने काकूंनी पुन्हा हात ठेवला आणि मान हलवली. गुणगुण परत आली होती. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. नस पुरेशी रुंद होती, गुठळी नव्हती, भिंत जाड झाली होती.

"एवढा दाब सोसला म्हणजे चांगलीच तयार झालीय," ते म्हणाले. "पण पुन्हा परीक्षा घेऊ नका."

"ऐकलं का?" काकू म्हणाल्या. "आता समद्या शर्टांच्या बाह्या कापून टाकत्ये."

"मग बंडीच म्हण की गं त्याला."

डायलिसिस सुरू झालं तेव्हा दोन्ही सुया त्या नसेतच गेल्या. मानेत नळी घालावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी चौकशीला फोन केला, तर काकूंनी उचलला. काका पाणी पाजायला रानात गेले होते.