स्मिताच्या हातचे उंदीर

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा आणि किस्से. भुसा न्यायला गाडी येते. किस्से कोण नेणार? म्हणून तुम्हाला सांगतोय.

लॅब आहे कार्ल्याजवळ, जुन्या हायवेला लागून. खाल्लेलं शरीरात कसं जळतं, कुठे साठतं, हे उंदरांवर मोजायची मशिन्स फार महाग असतात. म्हणून ठिकठिकाणचे संशोधक आपापले उंदीर आमच्याकडे पाठवतात. उंदीर बंद पिंजऱ्यात. त्यानं किती खाल्लं, किती पळाला, किती ऑक्सिजन घेतला, ते बाहेरच्या स्क्रीनवर रेघेनं दिसतं. माणूस आत गेला की उंदीर बिचकतात आणि रेघ थोडी उडतेच. "मनात धुसफुस घेऊन गेलात तर जास्त उडते," असं आमचे मोठे सर म्हणतात. मी हे कधी मानलं नाही.

मोठे सर यंदा रिटायर होणार आणि इन्चार्जची खुर्ची मला मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे मला आणि माझ्या बायकोला. अडचण एकच, स्मिता. इथल्याच भाजे गावची पोरगी, मला ज्युनियर, दिवसभर बडबड. आणि ती आत गेली तर रेघ उडायचीच नाही!

*

मे महिन्यात एकदा लाइट गेली. जनरेटर फक्त उंदरांच्या खोलीला. आत एसी चालू, बाहेर मी फाइलनं वारा घेतोय.

झाडलोट करणाऱ्या हिराबाई मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सायेब, म्होरल्या जल्मी उंदीरच व्हा. पर हितलाच!"

*

पुण्याच्या एका डॉक्टरांचे उंदीर दर शनिवारी संध्याकाळी पिसाटल्यासारखे पळायचे. आठवडाभर रेघ गुणी, शनिवारी आकाशात. डॉक्टर खूश! "उंदरांना वीकेंड कळतो! हा केवढा मोठा शोध आहे!"

पेपरात आपलंही नाव येईल म्हणून मीही मान डोलवली. स्मितानं फक्त खिडकी उघडली. मागच्या भाड्याच्या बंगल्यात टुरिस्टांचा डीजे सुरू होता.

बंगल्याच्या केअरटेकरला समजवायला आधी मी गेलो. तो म्हणाला, "बुकिंग हाय सायेब. आमी काय करनार?"

मग स्मिता गेली. "आबा, वळखलं का? मी भाज्याची. तुमची धाकली सून माझी मावसबहीण!"

डीजे बंद झाला. वर आबांनी तिला पिशवीभर काकड्या दिल्या. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

*

मग दिल्लीच्या संशोधकांचा एक उंदीर आला. दुप्पट खायचा आणि वजन तसूभर वाढायचं नाही. मी डाएटवर, दोन भाकऱ्यांवरून एकीवर आलेलो. मला त्या उंदराचा इतका हेवा वाटला की विचारू नका!

मी मोठ्या सरांना सांगितलं, "सर, असा उंदीर जगात नाही." त्यांनी दिल्लीला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात स्मितानं पिंजरा उघडून खालचा भुसा चाळला. त्यात सगळा चुरा. "सर, हा खात नाहीये, कुरतडून सांडतोय. माझा भाचा अस्साच जेवतो."

मोठ्या सरांनी फोन खाली ठेवला आणि तिला चहा मागवला. एकच.

*

शेवटी मी तिचं गुपित शोधायचं ठरवलं. उंदीर उचलताना ती म्हणायची, "ये रे बाळा, वजन करू या." उंदीर आपला शहाण्यासारखा हातात!

दुसऱ्या दिवशी मीही हात घातला. म्हटलं, "ये रे बाळा." कडकडून चावला.

स्मिता औषधाचा बोळा घेऊन धावत आली. "मकरंद सर, बाळा असं दात खाऊन म्हणतात का?"

*

आणि मग तो दिवस. मोठ्या सरांनी सगळ्यांना स्क्रीनसमोर बोलावलं, चिक्कीचा बॉक्स उघडला आणि जाहीर केलं, "नवीन इन्चार्ज, स्मिता."

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. सगळ्यात आधी हात मी मिळवला. "अभिनंदन, स्मिता मॅडम! मला मनापासून आनंद झालाय!"

"खरंच सर?" तिचे डोळे भरून आले.

"म्हणजे काय!" मी म्हणालो आणि पाण्याच्या बाटल्या बघायच्या निमित्तानं उंदरांच्या खोलीत गेलो. कशाला हात लावला नाही. कुणाला बाळा म्हटलं नाही. भिंतीला टेकून गप्प उभा राहिलो. एवढंच.

बाहेर आलो तर कुणी चिक्की खात नव्हतं. सगळे स्क्रीनकडे बघत होते. एकूण एक पिंजऱ्याची रेघ वर, अगदी स्क्रीनच्या टोकाला!

"आत कोण गेलं होतं?" मोठ्या सरांनी चष्मा पुसत विचारलं.

"ह्येच की," हिराबाई मावशी म्हणाल्या. "लय आनंदात हायेत."

स्मितानं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चिक्कीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवून तिनं इन्चार्ज म्हणून पहिली ऑर्डर दिली.

"सर, आज तुम्ही लवकर घरी जा. उंदरांना सहन होत नाहीये."