साडूंची एकचाकी

दोन पायांवर धड उभा राहू न शकणारा आणि एका चाकावर मात्र तासभर मजेत राहणारा माणूस साऱ्या हुबळी-धारवाडात एकच आहे, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आलेला आहे. भावाशी भांडता येतं, मित्राला टाळता येतं. साडूचं तसं नाही. सासरी जेवायला बसलं की शेजारचं पान त्याचंच. मी विमा कचेरीत जन्म घालवला, खाली मान घालून गेलो आणि खाली मान घालूनच परत आलो. हे गृहस्थ सकाळी हुबळीच्या बाजारात आपल्या वडिलोपार्जित दुकानात भांडी विकतात आणि संध्याकाळी चमचमतं जाकीट चढवून एकचाकी सायकलीवर तीन तांबे हवेत झेलतात. कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्न, कुठं साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, बोलावणं आलं की हे निघाले. आता बोला! आमच्या हिला सासूबाई विचारायच्या, "तुझे हे कार्यक्रमाला काय करतात गं?" मी काय करणार? मी जेवतो.

ही विद्या त्यांना मिळाली कुठून, तर हुबळीत उतरलेल्या एका सर्कशीत. तिच्या भटारखान्याला भांडी पोचवायला म्हणून हे गेले आणि तंबू हलेपर्यंत रोज पातेली पोचवतच राहिले. एवढी पातेली कुठली सर्कस वापरते, हे विचारायचं घरात कुणाला सुचलं नाही. शेवटच्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या विदूषकानं आपली जुनी एकचाकी यांच्या हवाली केली. तेव्हापासून यांच्या अंगात स्थिर असं काही उरलं नाही. त्या सायकलीवर थांबायचं म्हणजे जागच्या जागी पुढंमागं झुलत राहावं लागतं म्हणे. ते झुलणं यांना जमिनीवरही सुटत नाही. आरतीला झुलतात, फोनवर झुलतात. एकदा बँकेच्या रांगेत मी त्यांच्या मागं उभा होतो. पाहतो तर हळूहळू मी झुलायला लागलेला, माझ्या मागचे दोघे झुलायला लागलेले. शेवटी रखवालदार येऊन, कुणाच्या अंगात आलंय का, म्हणून विचारून गेला.

धारवाडला कार्यक्रम असला की हे एकचाकी घेऊन सरळ बसमध्ये चढतात. कंडक्टर कन्नडात विचारतो, "बाकीची सायकल कुठाय?" हे तितक्याच गंभीरपणे कन्नडात सांगतात, "मागच्या बसनं येतीय." पण पैशाच्या बाबतीत चेष्टा चालत नाही. "अण्णा, फुकट केलं तर लोक त्याला खूळ म्हणतात. पैसे घेतले की कला म्हणतात," हे त्यांचं तत्त्व. माझ्या सप्तापूरच्या घराच्या वास्तुशांतीला मी हौसेनं खेळ करा म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी छापील दरपत्रक हजर. पेटत्या मशाली पाहिजे असतील तर जादा! मी दात-ओठ खात पैसे दिले. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, आणि निघताना यांनी तेच पाकीट जसंच्या तसं आहेर म्हणून माझ्या हातात ठेवलं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

अळणावरला एका लाकूड व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. वरातीपुढं हे एकचाकीवर, मागं घोडीवर नवरदेव. त्या घोडीनं जन्मात असलं वाहन पाहिलं नव्हतं. ती जी उधळली ती नवरदेवासकट स्टेशनच्या दिशेनं! वऱ्हाडी "अयाई गं" करत जागच्या जागी उभे, आणि हे मात्र पायडल मारत घोडीच्या मागं. प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी त्यांनी लगाम धरला आणि एका हातानं घोडी ओढत, झुलत झुलत, मांडवात आणली. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या काय, शिट्ट्या काय! पुढच्या लग्नाचं बोलावणं आलं तेव्हा यजमानांनी स्पष्ट सांगितलं, "बाकी काही कमी करा, पण घोडी पळवायचा आयटम पाहिजेच."

एवढं सगळं होतं, पण एक काटा होता. आमचे सासरे, धारवाडातल्या मळमड्डीचे अप्पा. निवृत्त हेडमास्तर. अख्ख्या गावानं यांचा खेळ पाहिला, अप्पांनी नाही. "मी मुलगी दुकानदाराला दिली होती," एवढंच ते म्हणायचे आणि पेपर तोंडापुढं धरायचे. लोकांना धाकट्या जावयाची ओळख करून द्यायची ती 'भांड्यांचे व्यापारी' अशी. साडू प्रत्येक कार्यक्रमाआधी मळमड्डीला जाऊन रीतसर आमंत्रण द्यायचे. अप्पा म्हणायचे, "बघू." खेळ संपला की यांचा बायकोला पहिला प्रश्न, "अप्पांनी काही विचारलं का गं?" ती नाही म्हणायची आणि हा हसरा माणूस त्या दिवशी धड जेवायचा नाही. मला वाईट वाटायचं. तुलनेत मी वर होतो, तरी वाटायचं.

मग धारवाडच्या निवृत्त शिक्षकांच्या एका मंडळानं स्नेहसंमेलनाला यांना बोलावलं. कलाकार कुणाचा जावई, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठरलेले अध्यक्ष ऐनवेळी आजारी पडले आणि त्यांच्या जागी अप्पांना आणून बसवलं, हे साडूंना ठाऊक नव्हतं. अप्पांना सोडायला म्हणून मी गेलो होतो. पडदा उघडला. हे तांबे झेलत झोकात आले आणि समोर पाहतात तर पहिल्या रांगेत, गळ्यात हार घातलेले अप्पा!

इतक्या वर्षांत जो माणूस घोडीमागंसुद्धा पडला नव्हता, तो आडवा झाला. एकचाकी एकीकडं, हे एकीकडं, आणि तांबे ठणाणा करत पायऱ्यांवरून खाली. सभागृह चिडीचूप. अप्पा उठले. मला वाटलं, झालं, आता निघाले घरी. पण त्यांनी वाकून पायाशी आलेला तांब्या उचलला आणि सावकाश रंगमंचावर चढले. माईक चालूच होता.

"उठा."

"अप्पा, चुकलं हो..."

"चुकलं म्हणूनच सांगतोय. उठा. परत करा. लागलंय का कुठं?"

साडूंनी नाही म्हणून मान हलवली. अप्पांनी सभागृहाकडं वळून वर्गात सांगावं तसं सांगितलं, "हे आमचे धाकटे जावई. मी समोर बसलोय म्हणून गडबडले. एरवी पडत नाहीत. मी चौकशी केलेली आहे." आणि त्यांनी आपला खांदा पुढं केला. साडूंनी त्यावर हात ठेवला, एकचाकीवर चढले, आणि ऐंशी वर्षांचा तो ताठ माणूस त्यांच्या बाजूनं रंगमंचाला एक फेरी घालून आला. सगळे मास्तर उभं राहून टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी डोळे पुसत होतो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

अप्पा जाऊन आता वर्ष होईल. त्या दिवशी मंडळातल्या कुणीतरी मोबाइलवर केलेलं चित्रण तेवढं राहिलंय. अप्पांचा आवाज आमच्याकडं दुसरा कुठंच नाही. आमची हीसुद्धा अधूनमधून ते मागून घेते आणि स्वयंपाकघरात जाऊन ऐकते. साडू तर ते नव्या गिऱ्हाइकांनाही दाखवतात. मी डोकं आपटून सांगितलं, "अहो, धंदा आहे ना तुमचा? पडलेला खेळ कशाला दाखवता? घोडी दाखवा!" गिऱ्हाईकही बिचकतं. हे म्हणतात, "थांबा की जरा, पुढं ऐका." मग तांब्यांचा ठणठणाट होतो, सगळं शांत होतं, आणि त्या लहानशा मोबाइलमधून अप्पा "उठा" म्हणतात. आमचे साडू दुकानात गल्ल्यावर बसलेले असोत की माझ्या घरी पाटावर, दर वेळी उठून उभे राहतात.