मास्तरांच्या गुडघ्याकडे

दुसरा गिअर टाकायची वेळ आली की मास्तर आपल्या उजव्या गुडघ्यावर बोटाने टकटक करत. "हिकडं. माझ्या गुडघ्याकडं लोटा. थांबा. आता खाली." लोटलं, थांबलं आणि खाली ओढलं की गाडीच्या पोटातून 'खट' असा आवाज येई. मग मास्तर समाधानाने म्हणत, "पडला." लोटायला विसरलं, तर मात्र नुसती करकर व्हायची आणि रस्त्याकडेला झोपलेली कुत्री उठून बसायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतली बाई मी. ते गाडी शिकवणारे. कासार आंबोलीच्या पुढे पौड रस्त्याला एका खोलीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्या स्कूलकडे गाडी एकच. पांढरी, जुनी, दोन्ही बाजूंनी ठोकून सरळ केलेली. तिचा गिअरचा दांडा इतका ढिला, की न्यूट्रलला असला की रिकाम्या पातेल्यातल्या पळीसारखा कसाही फिरायचा, आणि गिअरमध्ये घालायला गेलं की अडून बसायचा.

"मास्तर, एवढी गिऱ्हाइकं येतात, हा दांडा दुरुस्त का करून घेत नाही?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बाई, सरळ दांड्यावर कुणीबी शिकतंय. हितं हात बसला की जगातली कुटलीबी गाडी चालवाल."

हे साफ खोटं होतं. खरं असं होतं, की त्यांच्याकडे शिकलेला माणूस जगातली कुठलीही गाडी त्या गाडीसारखीच चालवायचा. तुम्ही पौड रस्त्याने येत-जात असाल, तर एकदा चालकांच्या डाव्या हाताकडे बघा. कोऱ्या करकरीत गाडीतही एखादा हात दांडा आधी डावीकडे लोटतो, क्षणभर थांबतो, मग खाली ओढतो. तो हात मास्तरांचा. एकदा मी बावधनहून भाड्याच्या गाडीने येत होते. चालक पोरगेलासा, गाडी नवी, गाणी मोठ्याने लावलेली. चौकातून निघताना त्याने दुसरा टाकला आणि मी म्हटलं, "मास्तरांकडे शिकलास का रे?" तो इतका दचकला की त्याने गाणी बंद केली. "तुमाला कसं कळलं?" मी म्हटलं, "गुडघा." पुढचा सगळा रस्ता आम्ही दोघं हसत होतो. आमच्या घरी मात्र याचं कौतुक नव्हतं. मी आमची गाडी चालवायला लागले, तेव्हा शेजारी बसून नवरा म्हणायचा, "अगं, गाडीला गुदगुल्या काय करतेस?" याच माणसाने मला गाडी शिकवायला तीन वेळा सुरुवात करून तिन्ही वेळा अबोला धरला होता. म्हणून तर पंचेचाळिशीला आल्यावर मला मास्तरांकडे जावं लागलं.

पहिल्या दिवशी मी गाडीत बसले, तर मागच्या सीटवर एक बाई. नीट नेसलेलं लुगडं, डोक्यावर पदर, मांडीवर काळी पर्स, लग्नाला निघाल्यासारख्या. मला वाटलं, आणखी एक विद्यार्थिनी असेल. बरं वाटलं, माझ्याहून म्हातारं कुणीतरी आहे. मी गचका देऊन गाडी काढली तेव्हा मास्तर म्हणाले, "हळू बाई. मागं माणूस बसलंय."

"त्यांचा नंबर माझ्यानंतर का?"

"न्हाई हो. ती आमची मंडळी हाय. घरात एकटी ठिवता येत न्हाई."

सगळे त्यांना काकी म्हणत. काकी विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस, मग दाराची कडी, मग शेजारणीचं नाव. एकदा घरातून निघाल्या त्या थेट नांदे गावाच्या रस्त्याला सापडल्या, पायात चप्पल नाही. मूलबाळ नव्हतं. पुतण्याचं कुटुंब शेजारीच राहत होतं, पण त्याचा टेम्पो आणि त्याच्या बायकोची नोकरी. तेव्हा मास्तरांनी काकींना गाडीतच घेतलं. आपल्या सीटच्या बरोबर मागे त्यांची जागा. सकाळच्या पहिल्या शिकाऊपासून संध्याकाळच्या शेवटच्यापर्यंत त्या मागे बसून असत आणि आमच्या सगळ्या चुका निमूट सोसत. काही गिऱ्हाइकांना हे पटायचं नाही. एका बंगलेवाल्या साहेबांनी तर तोंडावर विचारलं, "हे काय, फॅमिली टूर आहे का?" मास्तर म्हणाले, "तसंच समजा," आणि पुढच्या शिकाऊला हाक मारली.

गाडीत मास्तर अनवाणी बसत. त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, लोखंडी दांडीने आमच्या पेडलना जोडलेले. आम्ही ब्रेक दाबला की त्यांच्या तळव्याखालचं पेडलही आपोआप खाली जायचं. त्यामुळे आमच्या पायाकडे त्यांना बघावं लागत नसे. "घाबरून दाबला," ते बाहेर बघत म्हणायचे. "पुन्यांदा. माया करून दाबा."

आणि मधूनच मागून काकींचा आवाज यायचा. "अवो, आलं का घर?"

"आलंच. हे वळण गेलं की आलं."

काकी "हं" म्हणून मागे टेकायच्या. वळण जायचं, घर यायचं नाही, थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. मास्तर गाडीला शिव्या घालत, डंपरवाल्यांना घालत, एकदा मलाही "काय बाई, शाळेत झोपता का" म्हणाले होते. पण या उत्तरात त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही.

माझं शिकणं संपलं. मी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या दुखण्यांमुळे रफीक मिस्त्रींच्या गॅरेजला माझ्या खेपा सुरू झाल्या. मास्तरांची गाडीही त्यांच्याकडेच असायची. मिस्त्री वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागलेले. "मास्तर, काय न्हाई हो, दांड्याच्या बुडातलं दोन बुश झिजलेत. दुपारत काम हुतंय." मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मग एक दिवस एका नव्या शिकाऊकडून चढावर दुसरा गिअर पडेना. त्याने जोर केला, गाडीने हिसका खाल्ला आणि काकींचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. चांगलं टेंगूळ आलं. मी गॅरेजमध्ये होते, तेव्हा मास्तर काकींना घेऊन आले. तोंड उतरलेलं. नुसतं म्हणाले, "मिस्त्री, बुश बदला."

मिस्त्री हरखून गाडीखाली शिरले. प्लॅस्टिकचे दोन बुश काढून त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवले. भोकं झिजून वेडीवाकडी, बोट घातलं तर फिरेल अशी. "ह्याच्यावर आख्खा तालुका शिकलाय," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ते भंगाराच्या पिंपात टाकले, नवे बसवले, ग्रीस लावलं. दांडा ताठ उभा राहिला. मास्तर मला म्हणाले, "बाई, तुमी चालवा. मला बसून बघू द्या."

मी गाडी काढली. सवयीने लोटायला गेले, पण लोटायची गरजच नव्हती. दुसरा, तिसरा, सगळं बिनबोभाट. एकही आवाज नाही. मी मास्तरांकडे बघून हसले. तेही हसले. "आता पोरं आळशी व्हतील," ते म्हणाले.

मागे चुळबुळ सुरू झाली. काकी म्हणाल्या, "ही कुनाची गाडी हाय?"

"आपलीच की."

"न्हाई. आमची आवाज करती. मला उतरवा." त्या दाराशी खटपट करू लागल्या. मी घाबरून गाडी कडेला घेतली. मास्तर सीटवर पूर्ण मागे वळले, त्यांनी काकींचा हात धरला. "अगं, मी हाय. बघ की. मीच हाय."

काकींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, "भाऊ, मला घरी सोडा. आमचे हे वाट बघत असत्याल."

मास्तर हळूहळू पुढे वळले. काकी त्यांचा चेहरा कधी विसरल्या होत्या, कोण जाणे. त्या इतके दिवस नवऱ्याला ओळखत होत्या ते गाडीच्या आवाजावरून, हे मास्तरांना आणि मला एकदमच कळलं.

"बाई," ते म्हणाले, "गाडी वळवा."

गॅरेजमध्ये उतरताच त्यांनी विचारलं, "मिस्त्री, जुनं बुश कुटं हायेत?"

"पिंपात. का?"

"ते परत बसवा."

मिस्त्री वैतागले. "अहो, लोक बिघडलेलं नीट करायला येत्यात. तुमचं काय हे उलटंच!" तेवढ्यात मिस्त्रींचं लक्ष बाहेर गेलं. काकी लिंबाखाली पर्स छातीशी धरून उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एसटी कधी येते ते विचारत होत्या. मिस्त्रींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मग अख्खं पिंप फरशीवर पालथं केलं.

आम्ही तिघं खाली बसून शोधत होतो. नट, तुटके स्प्रिंग, काळं झालेलं तेल. एक बुश सापडला, दुसरा काही केल्या मिळेना. शेवटी मिस्त्रींनी नव्यातला एक काढला आणि कानस घेऊन त्याचं भोक घासायला लागले. "हयातीत पहिल्यांदा चांगला माल बिघडवतोय," ते पुटपुटले. बसवायचा, दांडा हलवून बघायचा, पुन्हा काढून घासायचा. मास्तर आत बसून प्रत्येक वेळी गुडघ्याकडे लोटत आणि मान हलवत, "न्हाई, अजून न्हाई." दिवे लागायच्या सुमाराला एकदाचा 'खट' झाला.

काकींना समजावून बसवलं. मीच चालवत होते. दुसरा पडला, आणि मागून आवाज आला, "अवो, आलं का घर?"

"आलंच," मास्तर म्हणाले. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी गिअर पुन्हा पुन्हा बदलत गाडी घरापर्यंत नेली. त्यानंतर ते शिकाऊंना चढावर नेईनासे झाले.

गेल्या फाल्गुनात मास्तर गेले. सकाळी चहा झाला, गाडी पुसायला म्हणून बाहेर आले, दमल्यासारखे गाडीला टेकून बसले आणि उठलेच नाहीत. माणसं जमली, न्यायची तयारी झाली. काकी ओट्यावर पर्स घेऊन बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना शेवटचं दर्शन घ्यायला नेलं. त्यांनी हात जोडले आणि शेजारणीला विचारलं, "कुनाच्या घरचं गेलं गं?"

दिवस झाल्यावर पुतण्याने गाडी विकायचं म्हटलं, ते काही चूक नव्हतं. पण काकींना रोज गाडी हवी होती. दिवसभर फाटकाशी उभ्या, जेवण नाही, रात्रीची झोप नाही. पुतण्याने एकदा फिरवून आणलं. तो टेम्पोवर शिकलेला, दांड्याशी मारामारी करायचा. करकर ऐकून काकी रडायलाच लागल्या. त्याने मला फोन केला. "बाई, तुमी काकांकडं शिकलाय ना? जरा याल का? आमच्या हातनं तिला पटत न्हाई."

मी गेले. काकी नेहमीच्या जागी बसल्या. पुढच्या सीटची पाठ उंच आहे, मागून पलीकडचं काही दिसत नाही. मी लोटलं, थांबले, खाली ओढलं. खट. आरशात पाहिलं, तर काकी मागे टेकल्या होत्या आणि त्यांनी डोळे मिटले होते.

आता मास्तरांकडे शिकलेले आम्ही बरेच जण जातो. बावधनचा तो गाणी लावणारा पोरगा येतो, दूधवाले येतात, ज्याच्याकडून टेंगूळ आलं होतं तोही येतो. ज्याला ज्या संध्याकाळी जमेल तो. हात आमचे वेगवेगळे, पण गिअर सगळे एकसारखाच टाकतो, कारण आम्हाला दुसऱ्या तऱ्हेने येतच नाही. काकी विचारतात तेव्हा हे पुरुष आवाज जरा खाली उतरवून म्हणतात, "आलंच. हे वळण गेलं की आलं." काकींना ते चालतं.

मला ते करता येत नाही. सुरुवातीला एकदा मी म्हणून गेले, "आलंच हं काकी," तर त्या ताडकन पुढे सरकल्या. "तू का बोलतीस? हे कुटं गेले?" तेव्हापासून मी त्या गाडीत तोंड उघडत नाही.

परवा माझी पाळी होती. धरणाच्या रस्त्याला ऊन उतरलं होतं. मागून आवाज आला, "अवो, आलं का घर?"

मी वेग कमी केला आणि दांडा धरला. डावीकडे लोटला, जिथे मास्तरांचा गुडघा असायचा तिकडे. थांबले. खाली ओढला.

खट.

"हं," काकी म्हणाल्या.

पुढे वळण होतं. मी माया करून ब्रेक दाबला, आणि शेजारच्या रिकाम्या सीटपुढचं पेडल आपसूक खाली गेलं, तिथेच जरा थांबलं, आणि हळूहळू वर आलं.